नवी केएक्स ४५०: ताकद तीच, पण मनगटाला आराम

कावासाकीने केएक्स ४५० ही मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी २०२४ च्या मॉडेलपासून पार बदलली. चौकट नवी, इंजिनात फेरफार, ब्रेक वेगळे, आणि आता तर तिला मोबाइलही जोडता येतो. एका ओळखीच्या टीमची सरावाची गाडी मला पुण्याबाहेरच्या मुरमाच्या खासगी ट्रॅकवर चालवायला मिळाली. मागच्या अंकात त्याचा नुसता ओझरता उल्लेख केला, तर पत्रांचा पाऊस पडला. त्यातली काही घेतली आहेत.

काका, ब्रोशर आम्हीपण वाचलंय. थ्रॉटल पिळल्यावर काय वाटलं तेवढं सांगा. – एक वाचक, पिंपरी

थ्रॉटलच्या आधी एक सांगू दे. गाडीवर बसलास की दोन्ही गुडघे सरळ टाकीला येऊन चिकटतात, मध्ये काही टोचत नाही. रेडिएटरची कव्हरं आता सपाट आहेत. वळणात पाय पुढे टाकताना पँट कुठे अडकत नाही. ही गोष्ट शोरूममध्ये कळत नाही, तिसऱ्या लॅपला कळते.

आता थ्रॉटल. २०१९ ला आलेली आधीची केएक्स मी भरपूर चालवली आहे. ती खालच्या आरपीएमला जरा तुटक होती. मनगट केसभर हललं की गाडी हातभर पुढे, आणि वळणाच्या मध्यावर नेमकं तेच नको असतं. नवीत हवा आत जायची वाट जास्त सरळ केली आहे आणि एक्झॉस्टचं तोंड बाजूला न ठेवता मधोमध आणलं आहे. परिणाम असा की ताकद दोरी ओढल्यासारखी एकसलग येते. ४४९ सीसीचं एकच सिलिंडर, पन्नासच्या वर अश्वशक्ती. ती कुठे गेलेली नाही. फक्त आधी ती तुला न विचारता यायची, आता मागशील तेवढी येते. मी तर बरीचशी वळणं दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्येच काढली, क्लचला जेमतेम एक बोट लावून. गाडी गुरगुरते, पण बाहेर पडते.

दुपारी टँकरने पाणी मारून ट्रॅक मऊ केला होता. सगळ्यांच्या चाकांनी वळणांत खोल चाकोऱ्या पाडल्या. अशा चाकोरीत पुढचं चाक एकदा बसलं की ते तिथेच राहिलं पाहिजे, वर चढून बाहेर पळता कामा नये. नवी चौकट इथे पैसे वसूल करते. तू नजर वळणाच्या शेवटी ठेव, गाडी तुझ्या मागे येते.

पुढचा ब्रेक आता ब्रेंबोचा. एका बोटात काम होतं, आणि पहिल्या एक-दोन लॅपमध्ये ते जरा जास्तच होतं. टेबलटॉप, म्हणजे वरून सपाट असलेल्या उडीनंतरच्या उतारावर मी सवयीने दाबला, तसा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) बराच खाली गेला. अंदाज आला की मात्र जुना ब्रेक आठवतही नाही.

वजन, पेट्रोलसकट, ११२ किलोच्या आसपास. आधीच्यापेक्षा थोडं वाढलं आहे. चालताना जाणवत नाही, पडलेली गाडी उचलताना जाणवतं.

मोबाइलचं विचारशील म्हणून तेही सांगतो. आधी हँडलजवळच्या वायरिंगला तीन रंगांचे प्लग असायचे: हिरवा नेहमीच्या मातीसाठी, काळा कडक जमिनीसाठी, पांढरा मऊ मातीसाठी. प्लग बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलायचा. आता ते काम ॲपवर होतं, पेट्रोल आणि ठिणगीची वेळ दोन्ही कमीजास्त करता येतात. मला विचारशील तर प्लगच बरे होते. चिखलाच्या हातमोज्यांनी प्लग बदलता यायचा. पण पोरांना ॲप आवडतं, आणि सेटिंग वहीत लिहून ठेवायचा कंटाळा असणाऱ्यांची सोय झाली हे कबूल.

हँडलवर ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण आहे: बंद, हलकं, जोरात. याला चाकांवर वेगळे सेन्सर नाहीत. इंजिनाचे फेरे अचानक वाढले की चाक घसरतंय असं संगणक धरून चालतो आणि ठिणगी उशिरा टाकतो. वर भुसभुशीत आणि खाली दगडासारखा मुरूम असेल तिथे हलक्या सेटिंगचा खरंच फायदा झाला. जोरातल्या सेटिंगमध्ये इंजिन गचके खातंय असं वाटतं. ते पावसाळ्यासाठी ठेव.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी आलं. आधीच्या गाडीवर पाचेक लॅपनंतर माझे हात भरून यायचे. कोपरापासून मनगटापर्यंत नुसता दगड, बोटं उघडत नाहीत. या गाडीवर ते फार उशिरा झालं. माझ्या वयाला हीच खरी सुधारणा आहे. स्टॉपवॉच कोणी लावलं नव्हतं, त्यामुळे वेगाचं मी काही बोलत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पाहिली आणि वेड लागलं. सध्या हीरोच्या एक्सपल्स २०० वर मातीत फिरतो. थेट ४५० घेऊ का? – एक वाचक, नाशिक

नाही. प्रश्न तुम्ही मनापासून विचारलात म्हणून आधी उत्तर दिलं, कारणं आता सांगतो.

एक्सपल्सचं वजन दीडशे किलोच्या वर, ताकद एकोणीस अश्वशक्तीच्या आत. तिच्यावर तुम्ही थ्रॉटल पूर्ण उघडायला शिकलात. ४५० वर पूर्ण उघडलेला थ्रॉटल ही वर्षातून मोजक्या वेळा घडणारी घटना आहे. ती गाडी तुम्हाला थ्रॉटल बंद ठेवायला शिकवेल, आणि ते शिकण्यात शरीर दमून जाईल. दमलेला माणूस मागे बसतो, मागे बसला की हँडलला लोंबकळतो, लोंबकळला की थ्रॉटल आपोआप उघडतो. मोडलेल्या कॉलरबोनांच्या बऱ्याच कहाण्या अशाच सुरू होतात.

केएक्स २५० बघा. ४५० ची नवी चौकट, ब्रेंबो आणि ट्रॅक्शन कंट्रोल २०२५ च्या मॉडेलला तिलाही मिळालं. ताकद चाळिशीच्या आसपास, पण ती वरच्या आरपीएमला असते. म्हणजे गिअर बदलावे लागतात, वेग जपावा लागतो, वळणाची रेषा चुकली तर नुसता थ्रॉटल पिळून भरपाई होत नाही. शिकायला हेच हवं. हौशी रायडर २५० वर ४५० पेक्षा कमी वेळात लॅप मारतात हे मी कितीदा तरी पाहिलंय, आणि दर वेळी ४५० वाल्याला ते पटत नाही.

बालेवाडीत तुम्ही पाहिलं ते सुपरक्रॉस. मैदानात माती आणून बांधलेल्या उभ्या उड्या, अरुंद वळणं. तिथल्या गाड्यांचं सस्पेन्शन लाकडासारखं कडक केलेलं असतं. आपण मोकळ्या रानात करतो ते मोटोक्रॉस. त्या रायडरांना पाहून सेटिंगची नक्कल करू नका, दात हलतील.

खर्चाचा अंदाज हवा तर, २०२१ च्या मॉडेलला केएक्स २५० ची भारतातली शोरूम किंमत ७.९९ लाख होती आणि ४५० ची ८.५९ लाख. आजचा आकडा डीलरकडून लेखी घ्या. आणि चांगले बूट, गुडघ्याचे ब्रेस, नेक ब्रेस, हेल्मेट, गॉगल यांचे पैसे गाडीच्या आधी बाजूला काढा.

सर, आरटीओ पासिंग होईल का? कॉलेजला नेली असती. – एक विद्यार्थी, सातारा

होणार नाही. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, स्पीडोमीटर नाही, साइड स्टँडसुद्धा नाही. टाकी सव्वासहा लिटरची. ही गाडी ट्रॅकवर टेम्पोतून जाते आणि टेम्पोतूनच परत येते. दिवा लावून, जुनं पुस्तक दाखवून ‘करून देतो’ म्हणणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार कर. रस्त्यावर चालणारी आणि मातीत बऱ्यापैकी रमणारी हवी असेल तर एक्सपल्स आहे, केटीएमची ३९० एंड्युरो आर आहे. कॉलेजला जायला बसही आहे.

माझं वजन ९४ किलो. टीमच्या एका मुलाची केएक्स ४५० चालवली तर मागून बसल्यासारखी वाटली, पुढचं चाक वळणात हलकं पडतं. गाडीत दोष आहे का? – एक वाचक, अहिल्यानगर

गाडीत दोष नाही, स्प्रिंग तुमच्यासाठी नाही. कंपनीतून येणारी स्प्रिंग साधारण ७५ ते ८० किलोच्या रायडरला धरून असते. तुम्ही बूट-हेल्मेट घालून शंभरी ओलांडत असणार.

माझा रोजचा धंदा सस्पेन्शनचाच आहे, म्हणून इथे जरा पसरतो. मागचं चाक हवेत उचलून धरा. ॲक्सलपासून वर सरळ रेषेत मडगार्डवर एक खूण करा आणि अंतर मोजा. मग सगळा गिअर घालून गाडीवर बसा, खरं तर उभं राहून हळूच बसा, आणि दुसऱ्या कोणाला तरी तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. या गाडीच्या मागच्या चाकाला ३०० मिलिमीटरच्या वर प्रवास आहे, त्यातले १०० ते १०५ मिलिमीटर तुमच्या वजनाने खाली जायला हवेत. तुमचा आकडा बहुधा १२० च्या पुढे येईल. म्हणून मागची बाजू बसते, पुढची वर येते, चाक हलकं पडतं.

आधी शॉकवरची रिंग आवळून सॅग १०५ वर आणा. मग तुम्ही खाली उतरा आणि गाडी नुसती स्वतःच्या वजनाने किती खाली जाते ते मोजा. ती जवळजवळ बसतच नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही ती उगाच आवळून ठेवली आहे. मग जाड स्प्रिंगला पर्याय नाही. पुढे ४९ मिलिमीटरचा शोवाचा फोर्क आहे, त्याच्याही स्प्रिंगा मागच्याबरोबर बदला, नाहीतर गाडी नाकावर पडेल. क्लिकर, म्हणजे सस्पेन्शन किती सावकाश हलावं ते ठरवणारे स्क्रू, शेवटी. बहुतेक लोक सुरुवातच क्लिकरपासून करतात आणि वर्षभर फिरवत बसतात.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. यूट्यूब बघून मागे लागलाय. कुठली गाडी सुरक्षित? – एक आई, सांगली

ताई, सुरक्षित असं काही नसतं, कमी घातक असतं. त्याला ८५ सीसीची टू-स्ट्रोक देऊ नका, शेजारच्याने दिली असली तरी. ती खाली झोपलेली असते आणि वर एकदम उसळते, मोठी माणसंही दचकतात. कावासाकीचीच केएलएक्स ११० पाहा. फोर-स्ट्रोक आहे, सीट खाली आहे, गिअर पायाने टाकायचे पण क्लचची मूठच नाही, त्यामुळे मुलाचं सगळं लक्ष थ्रॉटल आणि ब्रेकवर राहतं. थ्रॉटल किती उघडेल त्याला मर्यादा घालणारा स्क्रूही असतो. पहिले काही महिने तो स्क्रू तुमच्या ताब्यात ठेवा, वडिलांच्या नको.

कोल्हापूरला माझं गॅरेज आहे. अशी एक गाडी सर्व्हिसला येणार आहे. काय सांभाळू? – एक मेकॅनिक

दादा, तुमच्या उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते बनतं हे मला माहीत आहे, पण या इंजिनाला आधी हवा स्वच्छ द्या. सगळं तिथे अडतं.

हिच्या व्हॉल्व्ह टायटॅनियमच्या आहेत. हलक्या म्हणून वरच्या आरपीएमला साथ देतात, पण त्यांच्या तोंडावरचा कडक थर फार पातळ असतो. फिल्टरमधून बारीक धूळ गेली की तो थर घासला जातो, मग व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसत जाते आणि टॅपेटची फट कमी होते. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, थंड असताना स्टार्ट होत नाही. तो बॅटरीला दोष देतो. तुम्ही फट मोजा. एकदा शिम (फट जुळवणारी छोटी चकती) बदलून जागेवर येईल, लगेच पुन्हा कमी झाली तर व्हॉल्व्ह संपली समजा.

नव्या मॉडेलला फिल्टरचं झाकण पान्याशिवाय उघडतं, त्यामुळे आता ‘वेळ नव्हता’ म्हणायची सोय राहिलेली नाही. फोम दर वेळी धुवायचा, पण पेट्रोलने नाही, त्याचे सांधे सुटतात. पूर्ण वाळवून फिल्टरचं तेल सगळीकडे मुरवायचं, आणि बसवताना कडेला ग्रीस. एप्रिल-मे मध्ये दोन फिल्टर तेल लावून पिशवीत तयार ठेवायला सांगा.

इंजिन ऑइल जेमतेम लिटरभर, आणि तेच क्लचला आणि गिअरबॉक्सला. किलोमीटर विसरा, अवर मीटर लावा. ऑइल काही तासांनी, पिस्टनही तासांच्या हिशोबाने, मॅन्युअलमध्ये तक्ता आहे. प्रेशर वॉशर स्विंगआर्मच्या लिंकेजवर धरू देऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं आणि वर्षभराने गंजलेली सुई बाहेर येते.

कावासाकी भारी की यामाहा? पैज लागली आहे. – दोन मित्र, इचलकरंजी

फ्रान्सचा रोमाँ फेव्र २०१५ मध्ये यामाहावर मोटोक्रॉसचा विश्वविजेता झाला आणि २०२५ मध्ये कावासाकीवर. पैजेचे पैसे त्याला पाठवा.

किक नाही म्हणे. ट्रॅकवर बॅटरी बसली तर? – एक वाचक, बारामती

हो, २०१९ पासून ४५० ला किक नाही, फक्त बटण. बॅटरी लिथियमची आणि हलकी, पण पूर्ण उतरू दिली तर पुन्हा उठेलच असं नाही. गाडी पडून असेल तर महिन्यातून एकदा लिथियमला चालणाऱ्या चार्जरवर लावा, साध्या बॅटरीचा चार्जर नको. ट्रॅकवर बसलीच तर उतार शोधा, तिसरा गिअर टाका, क्लच दाबून दोघांना ढकलायला सांगा, वेग आला की सीटवर आपटून बसा आणि त्याच क्षणी क्लच सोडा. दुसऱ्या गिअरमध्ये मागचं चाक नुसतं घसटतं. सपाट मैदान असेल तर टेम्पोवाल्याला फोन करा.