घाट, ऊन आणि जुनी गाडी: वाचकांची प्रश्नोत्तरे

थंडी पडली की जुन्या गाड्यांच्या सहलींचे बेत सुरू होतात, आणि या वेळचे प्रश्नही बहुतेक त्याचेच आहेत. काही पत्रं लांबलचक होती, त्यातला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आम्ही जपली आहे. पुणे–कोल्हापूर–बेळगाव–गोवा अशा सहलीत नाव घालायचं म्हणतोय. पहिल्याच दिवशी सव्वादोनशेच्या वर किलोमीटर आहेत. गाडीला झेपतील का? — एक वाचक, कोथरूड

गाडीला झेपतील. जपायचं आहे ते उन्हापासून आणि ट्रकांपासून. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन ठीक असेल तर साठ-पासष्टच्या वेगाने दिवसभर कुरकुर न करता चालतं. शेजारून नव्वदने जाणाऱ्या गाडीच्या नादी लागलात की मग तापमानाचा काटा वर सरकायला लागतो.

सकाळी सहाला चांदणी चौक सोडा. त्याआधी नको. डिसेंबरात उजाडायला पावणेसात-सात होतात, आणि डायनॅमोवर चालणारे पिवळे दिवे काळोख्या हायवेवर कामाचे नाहीत. वारजे, नवले पूल, नवा कात्रज बोगदा करत खेड शिवापूरच्या पुढे जाईपर्यंत उजाडतं. शिरवळला नाश्ता उरका आणि खंबाटकी ऊन चढायच्या आत चढा. साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्याने घाट चढावाच लागतो. जुना बोगदा फक्त पुण्याकडे येणाऱ्यांसाठी आहे. सातारा दहाच्या आत, कराड साडेअकराच्या सुमारास, आणि एकपर्यंत कोल्हापूर. पुण्याच्या दुकानदाराचं ‘एक ते चार’ जुन्या गाडीलाही लागू आहे असं समजा.

वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके आहेत. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. पैशांचं सोडा, रांगेत पहिल्या गिअरमध्ये सरपटताना रेडिएटरला वारा मिळत नाही आणि घाटात तापलं नाही तेवढं इंजिन तिथे तापतं.

वीस गाड्यांची माळ करून जाऊ नका. फोटो छान येतात, पण ट्रकवाल्याला ओव्हरटेक करायला फट मिळत नाही. तीन-चार गाड्यांचे गट करा. मागची गाडी आरशातून दिसेनाशी झाली तर पुढच्याने थांबायचं, एवढा एकच नियम पुरतो. मुक्कामी पोचल्यावर आधी बॉनेट, मग चहा: ऑइलची कांडी, फॅनबेल्टचा ताण, चाकांचे नट आणि गाडीखाली काही ठिबकतंय का. पाणी मात्र सकाळी गार इंजिनावर बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेणारा एक जण प्रत्येक सहलीत असतोच.

चढावर गाडी व्यवस्थित येते, पण चहाला थांबून पुन्हा स्टार्टर मारला की सुरूच होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला. — एक वाचक, सहकारनगर

कार्बोरेटरला हात लावू नका. लक्षणं सरळसरळ व्हेपर लॉकची, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकण्याची आहेत. गाडी चालू असते तेव्हा पंखा फिरतो, पाणी खेळतं. बंद केली की दोन्ही थांबतं, आणि तापलेल्या लोखंडाची उष्णता बॉनेटखाली कोंडते. थांबल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं पेट्रोलच्या पंपाला सगळ्यात वाईट. पंप इंजिनालाच बोल्ट केलेला, आणि नळी बऱ्याचदा एक्झॉस्टच्या जवळून गेलेली. पेट्रोल नळीतच उकळतं, वाफ होते. डायफ्रामचा पंप पातळ पेट्रोल ढकलायला केलेला आहे, वाफ त्याला ओढता येत नाही.

थांबलात की लगेच बॉनेट उघडा. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाका. ठिणगी पुरवणारे डिस्ट्रिब्यूटर आणि कॉइल मात्र भिजू देऊ नका. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून लांब फिरवून घेणं आणि मध्ये पत्र्याचा आडोसा घालणं. त्यानेही भागलं नाही तर टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवा. तो मागून दाब देतो, आणि दाबाखाली पेट्रोल उशिरा उकळतं. मात्र पंप कार्बोरेटरवाल्या गाडीचाच, कमी दाबाचा घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा बसवलात तर कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल वरून वाहतं, तेही तापलेल्या इंजिनावर.

एक गोष्ट आधी तपासा. गाडी बंद पडल्यावर प्लगला ठिणगी येते का? येत नसेल तर पेट्रोलचा काही दोष नाही. गरम झाल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइलही अगदी अशीच लक्षणं दाखवतात. कंडेन्सर स्वस्त आहे, डिकीत दोन ठेवा. जोडीला पॉइंट, रोटर, फॅनबेल्ट, एक होज पाइप क्लिपांसकट.

पाचगणीहून वाईकडे उतरताना पसरणी घाटात ब्रेक पेडल खाली जायला लागलं, जळका वास आला. ब्रेक ऑइल तर भरलेलं होतं. — एक वाचक, औंध

चारही चाकांना ड्रम ब्रेक असतील तर हे होणारच. ड्रम तापून फुगतो, शूला जास्त लांब जावं लागतं, लायनिंगची पकड सुटते. वर ब्रेक ऑइल जुनं असेल तर तेही उकळतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं: डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शिरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून बाटली भरलेली असणं पुरेसं नाही. दोन वर्षांनी सगळं काढून नवं भरायचं.

घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक थोडा वेळ, पण ठाम दाबा आणि सोडा. पाय ठेवून बसू नका. वास आलाच तर बाजूला घ्या आणि चाकाला दगड लावा. हँडब्रेक ओढू नका, ड्रमवर पाणी तर मुळीच ओतू नका, तडा जातो. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणं बंद. पुण्याकडे येताना कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर त्याचे परिणाम आपण पेपरात वाचतोच.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुनी गाडी खराब होते असं सगळे सांगतात. खरं काय? — एक वाचक, चिंचवड

घाबरवतात तेवढं नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नाही. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम आणि कॉर्कची पॅकिंग इथेनॉलसाठी बनलेली नव्हती. पाइप बोटांनी दाबून बघा. मऊ, चिकट लागला किंवा फिल्टरमध्ये काळे कण दिसले तर पाइप आतून सुटायला लागलाय. इथेनॉलला टिकणारे पाइप बाजारात मिळतात. टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा आणि गंजही इथेनॉल सोडवतं, म्हणून टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर घाला आणि सहलीच्या पहिल्या शंभर किलोमीटरनंतर तो बघाच. प्लग पांढरे पडत असतील तर मिश्रण पातळ होतंय. कार्बोरेटरचा मेन जेट एखाद्या नंबरने मोठा करून घ्या. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला काही देत नाही. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट भरून सोडू नका.

१९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी का? — एक वाचक, सदाशिव पेठ

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसतील तर २०२१ च्या नियमांनुसार बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग गाडी प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रविवारी तिच्यातून मंडईत जाण्याची हौस असेल तर माझं मत: नोंदवू नका. विमा उतरवताना मात्र गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून लेखी घ्या.

रॅलीत नवरा गाडी चालवणार, मला नॅव्हिगेटर व्हायचंय. रोडबुकमधले (रस्ता दाखवणाऱ्या वहीतले) गोळे-बाण कळत नाहीत. — एक वाचिका, बाणेर

गोळा म्हणजे तुम्ही जिथून येताय ती जागा, बाण म्हणजे जायचं तिकडे. हॉलंडच्या ट्युलिप रॅलीवरून त्या चित्रांना ट्युलिप म्हणतात. वेळ पाळण्याच्या अशा रॅलीत लवकर पोचल्यावरही गुण कापतात, हे नवऱ्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. इटलीतली मिले मिलिया १९५७ पर्यंत वेगाची शर्यत होती; १९७७ पासून तीही अशीच वेळ पाळण्याची स्पर्धा आहे. हिशेबाला एक आकडा पाठ करा: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे दहा सेकंदांत १०० मीटर. आणि किलोमीटरच्या दगडांवरून गाडीचं मीटर आधी ताडून घ्या. टायरचा आकार बदलला असेल तर मीटर खोटं सांगतं.

१९९८ ची मारुती ८०० सहलीत चालेल का? — एक वाचक, हडपसर

आयोजकांची वर्षमर्यादा बघा, बहुतेक ठिकाणी नाही. १९८३ ते ८६ मधली, जुन्या आकाराची ८०० असती तर लोक गर्दी करून बघायला आले असते. तुमची मर्यादेत बसली नाही तर सामानाची गाडी म्हणून या. मेकॅनिक आणि सुटे भाग घेऊन मागून येणारी एक गाडी लागतेच, आणि ८०० बिघडली तरी कुठल्याही गावात दुरुस्त होते.