व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर बहिणीला नागपुरात कुठे ठेवावं?

प्रश्न: बहीण ३४ वर्षांची. दारू आणि झोपेच्या गोळ्या, दोन्ही. केंद्रातला महिना पुढच्या आठवड्यात संपतो. नवरा रोज पितो, सहा वर्षांचा मुलगा आहे. केंद्रवाले म्हणतात अजून दोन महिने ठेवा. घरी न्यावं, तिथेच ठेवावं, की मधली काही सोय असते?

उत्तर: मधली सोय असते. तिला हाफवे होम म्हणतात, म्हणजे उपचारानंतर काही काळ देखरेखीखाली राहायची जागा, आणि तुमच्या बहिणीला तीच हवी. कुलपाआड न पिणं कुणालाही जमतं. दार उघडं असताना, हातात दोनशे रुपये असताना न पिणं हे शिकायला वेगळी जागा लागते. केंद्रातले आणखी दोन महिने ते शिकवत नाहीत. आणि संध्याकाळी नवरा बाटली घेऊन बसतो त्या घरात लगेच नेलंत, तर झालेला खर्च पाण्यात गेला समजा.

मात्र आधी गोळ्यांचं बघा, राहण्याचं नंतर. दारूची थरथर, घाम, झटके हे बहुतेकदा शेवटच्या घोटानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत येऊन जातं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांचं तसं नाही. त्या एकदम तोडल्या तर उशिरानेही झटके येऊ शकतात, म्हणून डोस आठवड्या-आठवड्याने उतरवतात आणि हे काम बहुतेकदा महिन्यात संपत नाही. डिस्चार्जच्या कागदावर कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला किती कमी, हे मानसोपचारतज्ज्ञाच्या सहीने लिहून घ्या. ‘औषधं चालू ठेवा’ एवढंच लिहिलं असेल तर निघू नका. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय देणं बेकायदा आणि दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरी ओळखीचा मेडिकलवाला देतो, हे तुम्हालाही माहीत आहे. जुन्या वस्तीपासून दूर राहण्याचं अर्धं कारण हेच.

कुणी डायसल्फिराम (ही गोळी चालू असताना दारू प्यायली तर त्रास होतो) देत असेल तर ते तिला सांगून, तिच्या संमतीनेच. वरणात गुपचूप मिसळायचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. ती प्यायली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूची प्रतिक्रिया येऊ शकते.

आता जागा. खांबावरच्या पाट्या आणि नेटवरच्या जाहिराती पाहून फोन लावू नका. मेडिकल, मेयो (नागपुरातली दोन मोठी सरकारी रुग्णालयं) किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोशल वर्करला भेटा. कुठे बायकांसाठी खरंच जागा आहे हे तिथे कळतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन, १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही धरले आहेत आणि हाफवे होमची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, पण बायकांसाठी जागा फार कमी, हे गृहीत धरूनच फिरा.

घरात मारहाण होत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला. वन स्टॉप सेंटरमध्ये (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) साधारण पाच दिवस राहता येतं, पुढे शक्ती सदन या निवारागृहात. तिथे व्यसनाचं ऐकून कां-कूं करतात. म्हणून डॉक्टरचं ‘दारूचं डिटॉक्स पूर्ण, स्थिती स्थिर’ असं पत्र हातात असू द्या.

हाफवे होम बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून चहा पिऊ नका, आत जा. रात्री तिथे झोपणारी बाई कोण, हे विचारा. रात्री फक्त पुरुष कर्मचारी असतील तर तिथूनच परत फिरा. औषधांची पेटी बघा: कुलूप, प्रत्येकीच्या नावाचा डबा, दिलेल्या डोससमोर दोन सह्या. फोन कधी मिळतो, नवऱ्याला भेटायचं की नाही हे कोण ठरवतं, जायचं म्हटलं तर जाता येतं का? स्वयंपाक आणि झाडलोट पाळीने असावी, पण त्या बाया कर्मचाऱ्यांच्या घरची धुणी धूत असतील तर ती जागा नको. शेवटचा आणि सर्वांत कामाचा प्रश्न: ‘कुणी पिऊन आली तर काय करता?’ ‘त्याच रात्री हाकलतो’ हे उत्तर वाईट, ‘आमच्याकडे असं होतच नाही’ हे त्याहून वाईट. ठीक उत्तर असं असतं: आधी डॉक्टर, रात्रभर कुणीतरी जवळ, सकाळी बसून बोलणं, मग बाहेर जाण्यावर काही दिवस मर्यादा.

जागा मिळालीच नाही तर मावशीकडे, थोरल्या बहिणीकडे सोय करा, पण घरात कुणी पिणारं नको. ‘वर्धेला पाठवा, तिथे दारूबंदी आहे’ असं सांगणारा भेटेलच. बंदीच्या जिल्ह्यात दारू मिळते, फक्त चोरून आणि जास्त घातक. घरी ठेवताना गोळ्या एकीच्या ताब्यात, एका वेळी एका दिवसाच्या. आठवड्यातून एकदा ओपीडी, दोन-तीनदा एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मिटिंग. केवळ बायकांची असेल तर उत्तम, नसेल तर सोबत एक बाई. तुमच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मिटिंगा वेगळ्या असतात.

दिवसातली सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. त्या वेळात ती एकटी नको आणि उपाशी नको. भूक आणि तलफ सारखीच वाटते. साडेसहाला पोटभर काहीतरी द्या, मग चालायला न्या, पण वाइन शॉपचा चौक टाळून. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असेल तर तोही त्याच महिन्यात सोडायला लावायचा की नाही हे डॉक्टरला ठरवू द्या. तोवर टपरीवर मात्र तिने एकटीने जाऊ नये, कारण जुन्या ओळखी तिथेच भेटतात.

कामाची घाई करू नका. पहिला पगार हातात येतो तो दिवस घसरणीचा. दीड-दोन महिन्यांनी अर्धवेळ काम, पगार तिच्याच खात्यात, एटीएम कार्ड तिच्या मर्जीने काही दिवस तुमच्याकडे. मर्जीने हा शब्द महत्त्वाचा. हिसकावून घेतलंत तर ती उधार घेईल.

मुलाचं. तीन वर्षांखालचं मूल उपचाराच्या जागी आईपासून शक्यतो तोडू नये असं तोच मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, सहा वर्षांच्याला ते लागू नाही. त्याची शाळा बदलू नका. ठरलेल्या दोन दिवशी भेट घडवा, आणि ती नवऱ्याच्या घरी नको. ‘बेवडी आहे, पोरगा मिळणार नाही’ अशी धमकी नवरा देईल, तिला त्याचीच भीती जास्त असते. कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क बाहेर राहिल्याने संपत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. उपचाराचे सगळे कागद, ओपीडीच्या पावत्यांसकट, एका फाईलमध्ये ठेवा. ताब्याचा वाद कोर्टात गेला तर उपचार सातत्याने घेतल्याचा पुरावा तोच.

परत प्यायली आणि मग एकदम बंद केली, हात थरथरतात, नसलेलं दिसतं, झटका आला, तर समुपदेशकाला फोन करत बसू नका, १०८ बोलवा. आकडी येत असताना तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा. आणि ‘गोळ्या किती घेतल्या’ हे डॉक्टरला खरं सांगा, रिकाम्या पट्ट्या सोबत न्या.