ट्रायलचं मलम: ‘मला बिनऔषधाचं मिळालं तर?’

बत्तीस वर्षांची एक बँक कर्मचारी. लहानपणापासून ॲटोपिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेचा जुनाट, खाजरा दाह. मान, कोपरांच्या घड्या आणि गुडघ्यांमागे खाज. त्वचारोगतज्ज्ञांनी नव्या मलमाच्या चाचणीत भाग घेण्याबद्दल विचारलं, म्हणून ती समुपदेशनाला आली. “माझ्यावर प्रयोग होणार, आणि त्यातही बिनऔषधाचं मलम वाट्याला आलं तर?” ही धास्ती बहुतेकांना असते.

तसं होऊ शकतं, हे तिला स्पष्ट सांगितलं. कोण औषधाच्या गटात आणि कोण बिनऔषधाच्या, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. ट्यूब दिसायला सारख्याच, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही फरक कळत नाही. पण औषध नसलेला मलमाचा बेससुद्धा त्वचेतला ओलावा टिकवतो, त्यामुळे त्या गटातही काहींना आराम पडतो. तुलना नसेल तर हा आराम औषधाच्या खात्यावर जमा होईल.

तिच्या बाबतीत खरी काळजी वेगळीच निघाली. “हे साधं खाजेचं मलम” म्हणत तिनं पर्समधून ट्यूब काढली. मागे बारीक अक्षरांत क्लोबेटासोल लिहिलेलं, सोबत बुरशीचं औषध. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टेरॉइड मलमांपैकी एक, आणि ती ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कित्येक महिने लावत होती. चाचणीआधी स्टेरॉइड मलमं साधारण एक-दोन आठवडे बंद ठेवावी लागतात, त्याला वॉशआउट म्हणतात. इतक्या वापरानंतर ती एकदम थांबवली की त्वचा लालबुंद होऊन आग होऊ शकते. हे लपवलं तर सुरुवातीला मोजलेला ईएएसआय (0 ते 72 मधला आजाराचा आकडा) फसवा येतो, आणि हाल होतात ते रुग्णाचेच.

मात्राही समजावली. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत काढलेली मलमाची पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. तिचा त्रास सहा तळहातांएवढा, म्हणजे एका वेळी दीड ग्रॅम, दोन वेळा लावलं तर 30 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपेल. चाचणीत परत आणलेल्या ट्यूबचं वजन केलं जातं. जास्त थापलं किंवा घरच्यांना दिलं तर हिशेब चुकतोच.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न तिनं लिहून घेतले. आजार उसळला तर बचावाचं औषध कोणतं, आणि ते कधी मिळेल? सीटीआरआयवरचा (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला) नोंदणी क्रमांक काय? संमतीपत्राची प्रत मिळेल ना? भारतातल्या औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते, आणि कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. बाहेर पडल्यानं नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

ट्यूब पाहिल्यावर डॉक्टरांनी तिचा चाचणीतला प्रवेश पुढे ढकलला. आधी स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं, मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावायचं, आणि त्वचा स्थिरावल्यावर पुन्हा तपासायचं असं ठरलं.