वसतिगृहात कुत्रा नेता येईल का?

प्रश्न : मुलगी एमएससाठी ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघाली आहे. तिला चिंताविकार आहे, जळगावला उपचार चालू आहेत. घरचा लॅब्रेडॉर जवळ असला की तिला झोप लागते. त्याला तिथल्या वसतिगृहात ठेवता येईल का? – एक पालक, अमळनेर

उत्तर : परवानगी मिळू शकते, पण खोलीपुरती. वर्गात आणि ग्रंथालयात जाण्याचा हक्क फक्त सेवा-कुत्र्याला असतो. म्हणजे अंधाला वाट दाखवण्यासारखं ठरावीक काम शिकवलेल्या कुत्र्याला. नुसत्या सोबतीने धीर देणारा कुत्रा त्यात बसत नाही.

अर्ज रेक्टरकडे नव्हे, विद्यापीठाच्या अपंग-सहाय्य कार्यालयाकडे करा, तोही खोलीवाटपाआधी. आजारामुळे मुलीचं नेमकं काय अडतं आणि कुत्र्यामुळे काय फरक पडतो, हे डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट हवं. ऑनलाइन विकली जाणारी कुत्र्याची नोंदणीपत्रं आणि ‘सेवा-कुत्रा’ लिहिलेली जाकिटं घेऊ नका. कायद्यापुढे त्यांना काडीची किंमत नाही.

खरी अडचण प्रवासाची आहे. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत भारत मोडतो, त्यामुळे 1 ऑगस्ट 2024 पासून अमेरिकेचे नियम कडक झाले आहेत. कुत्रा किमान 6 महिन्यांचा हवा. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर ती लस धरत नाहीत. पहिल्या लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचं, आणि रक्त घेतल्यावर 28 दिवस उलटल्याशिवाय तिथे उतरायचं नाही. हा अहवाल नसेल तर 28 दिवस विलगीकरण, तेही तुमच्या खर्चाने. लसीच्या कागदावर सरकारी पशुवैद्यकाची मोहोर लागते. एवढा मोठा कुत्रा विमानात मालकक्षातून जातो, आणि कडक उन्हाळ्यात बऱ्याच कंपन्या तो घेतच नाहीत.

म्हणून आमचा आग्रह असा, की पहिलं सत्र त्याला अमळनेरलाच राहू द्या. दिवसभर खोलीत एकटा कोंडलेला कुत्रा भुंकतो, तक्रारी होतात आणि परवानगी जाते. कुत्रा नेण्याआधी मुलीचे तिथले डॉक्टर आणि समुपदेशक नक्की करा; ते कुत्र्यापेक्षा तातडीचं आहे.

प्रश्न : हीच सवलत जळगावच्या वसतिगृहात मिळेल का? – एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : भावनिक आधाराच्या प्राण्याला आपल्या कायद्यात वेगळं स्थान नाही. मात्र दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 16 प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करायची असते. दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर त्या आधारे प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा. डॉक्टरांचं पत्र आणि कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड जोडा, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखीच मागा. दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना तो लागेल.