कार्ट्रिजमधील शाई : मूळ किती, रिफिलमध्ये किती?

प्रश्न : आमच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरून त्यांच्या प्रती काढून देण्याचे काम चालते. मूळ कार्ट्रिज संपले की आम्ही तेच रिफिल करून घेतो. रिफिल करणारे म्हणतात की, कंपनी कार्ट्रिज अर्धेच भरते आणि आम्ही काठोकाठ भरतो. पाने मात्र दर वेळी कमी-जास्त निघतात. दोन्हींतील शाईची तुलना कशी करावी?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : रिफिल करणाऱ्यांच्या म्हणण्यात काही तथ्य आहे, पण ते सरसकट लागू होत नाही. अनेक मॉडेलांत साधे आणि जास्त शाईचे ‘एक्सएल’ ही दोन्ही कार्ट्रिज बाहेरून एकाच आकाराची असतात आणि फरक आतल्या शाईत असतो. तरीही कवचात जागा दिसते म्हणून तेवढी शाई मावेलच असे नाही. ज्या कार्ट्रिजला छपाईचे हेड जोडलेलेच असते, त्याच्या आत स्पंज बसवलेला असतो. तो शाई शोषून धरतो आणि नोझलपाशी, म्हणजे शाई बाहेर पडणाऱ्या बारीक छिद्रांपाशी, किंचित उणा दाब राखतो, म्हणूनच शाई आपोआप गळत नाही. स्पंजाला पेलवेल त्यापेक्षा जास्त शाई भरली, तर ती हवेच्या छिद्रातून किंवा नोझलमधून बाहेर येते आणि रंगीत कार्ट्रिजमध्ये शेजारच्या कप्प्यात शिरून रंग बिघडवते. उलट, सुकलेला स्पंज घाईने भरताना आत हवेचे बुडबुडे अडकले, तर भरलेले कार्ट्रिजही मध्येच कोरडे छापू लागते. आपली पाने कमी-जास्त निघण्याचे एक कारण हे असू शकते.

शाईचे मिलिलिटर आणि पानांची संख्या यांचेही एकच गणित सगळीकडे चालत नाही. कॅननच्या पीजी-४७ या काळ्या कार्ट्रिजमध्ये १५ मिलिलिटर शाई असते आणि कंपनीच्या आकड्यानुसार तिच्यातून सुमारे ४०० पाने निघतात. एपसनच्या टाकीच्या प्रिंटरांसाठी मिळणारी ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलिलिटरची असून तिच्यासाठी सुमारे ४,५०० पाने सांगितली जातात. म्हणजे पहिल्यात पानामागे सुमारे ०.०३८ मिलिलिटर शाई लागते, तर दुसऱ्यात सुमारे ०.०१४. त्यामुळे तुलना करायची ती एकाच प्रिंटरमध्ये, एकाच क्रमांकाच्या कार्ट्रिजची करावी. एचपी ६८० च्या काळ्या कार्ट्रिजसाठी ४८० पाने सांगितली जातात, पण असे आकडे आयएसओ/आयईसी २४७११ या मानकाच्या चाचणीतून येतात. त्या चाचणीत किमान तीन प्रिंटर आणि नऊ कार्ट्रिज घेऊन ठरावीक पानांचा संच बहुतांशी सलग छापला जातो. दुकानात दिवसातून अनेकदा प्रिंटर बंद-सुरू होतो, नोझल साफ होण्यात शाई जाते आणि अर्जांवर छायाचित्रेही असतात. तेव्हा तेवढी पाने न निघाल्यास नवल नाही. माझे ठाम मत आहे की, तेलाच्या पिशवीवर जसे वजन छापलेले असते, तसे प्रत्येक कार्ट्रिजच्या खोक्यावर पानांच्या जोडीने शाईचे मापही ठळकपणे छापलेले असावे.

ते माप आपल्याला स्वतः काढता येते आणि त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा पुरेसा आहे. नवे मूळ कार्ट्रिज संरक्षक पट्टी काढून, प्रिंटरमध्ये बसवण्यापूर्वी तोलावे आणि छपाई फिकट होऊ लागताच बाहेर काढून पुन्हा तोलावे. प्रिंटरची शाई पाण्यापेक्षा किंचितच जड असल्यामुळे, घटलेला एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर शाई असे धरता येते. नंतर त्याच कार्ट्रिजचे रिफिलच्या आधी व नंतर वजन करावे. रिफिलवाल्याने किती शाई घातली हे तिथल्या तिथे कळेल. समजा, मूळ कार्ट्रिज संपेपर्यंत ८ ग्रॅमने हलके झाले आणि रिफिलमध्ये ते ५ ग्रॅमनेच जड झाले, तर ‘काठोकाठ’ या शब्दाला अर्थ उरत नाही. दोन्ही वेळा निघालेली पाने आणि दिलेले पैसे शेजारी लिहून ठेवल्यास पानामागचा खर्चही निघतो, आणि निर्णय त्यावरच घ्यावा. वजन करताना नोझलला बोट लावू नये आणि नोझलची बाजू खाली करून कार्ट्रिज कागदावर ठेवू नये, कारण कागद शाई शोषून घेतो.

फिकट छपाई दिसताच थांबणेही गरजेचे आहे. एचपी आणि कॅननच्या अशा कार्ट्रिजमध्ये शाई तापवून तिचे थेंब उडवले जातात आणि तीच शाई हेडची उष्णता वाहून नेते. कोरड्या अवस्थेत छापत राहिल्यास नोझल जळतात आणि मग कितीही शाई भरली तरी उपयोग होत नाही. म्हणून कार्ट्रिज पूर्ण कोरडे होण्याआधीच रिफिल करून घ्यावे. पडद्यावर दिसणाऱ्या शाईच्या पातळीवर मात्र रिफिलनंतर विसंबू नये.

प्रश्न : वेगवेगळ्या रंगांची स्वतंत्र कार्ट्रिज लागणाऱ्या प्रिंटरसाठी पारदर्शक, पुन्हा भरता येणारी कार्ट्रिज मिळतात. त्यांची चिप ‘पूर्ण भरलेले’ दाखवते, तरी छपाईत रेषा का पडतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अशा चिपला आतली शाई प्रत्यक्ष दिसत नाही, मूळ कार्ट्रिजइतकी शाई भरली आहे असे धरून, छापलेल्या थेंबांच्या हिशेबाने आकडा कमी केला जातो. चिप रीसेट झाली की शाई कमी असली तरी ‘पूर्ण’ दिसते, हवा हेडमध्ये शिरते आणि रेषा पडू लागतात. पारदर्शक कवचातून डोळ्यांना दिसणारी पातळी हीच खरी मानावी आणि शाई तळाला जाण्याआधीच कार्ट्रिज भरावे. हवेचे बूच उघडे आहे ना, हेही तपासावे. ते बंद राहिल्यास शाई पुरेशी असूनही हेडपर्यंत नीट येत नाही.