नाशिकमधल्या प्राध्यापकांना त्यांच्या शोधातून कंपनी उभी करायला मदत करायची आहे. सुरुवात पेटंटपासून करू का?

पेटंट घ्या, पण त्याने कंपनी उभी राहत नाही. मी वकील नाही. अंबडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे आणि एका प्राध्यापकाचे प्रोटोटाइप करून हात पोळलेत.

चार वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर आले. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, कांदा सडायला लागला की वायूवरून ओळखणारी दांडी त्यांनी शोधली होती. लॅबमध्ये एका क्रेटवर ती पंधरा दिवस झकास चालली. मी स्टेनलेसच्या बारा दांड्या करून दिल्या, निफाडकडच्या एका चाळीत आम्ही बसवल्या. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरला की दिवाळीपर्यंत ठेवतात. जुलैच्या दमट हवेत आतली तांब्याची टर्मिनल्स काळीठिक्कर पडली. कांद्यात गंधक असतं हे सरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण क्रेट पंधरा दिवसांत ते दाखवत नाही.

टर्मिनल्स बदलता आली असती. खरी पंचाईत चाळवाल्या अण्णांनी केली. "सडतोय ते नाकाला कळतंच की सर. कुठल्या कप्प्यात, ते सांगा. अख्खी चाळ फोडायला मजूर कुठून आणू? आणि त्या दिवशी लासलगावला भाव नसला तर?"

सर गप्प. दोन वर्षांच्या संशोधनात हे कुणी विचारलंच नव्हतं. चाळीत आधी जायचं असतं हो, नंतर नाही.

आता तुमचं पेटंट. सरांनी अर्जाआधीच कॉन्फरन्समध्ये पेपर वाचून टाकला. आपल्या कायद्यात विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला 12 महिन्यांची सवलत आहे, सरांनी तीही उलटू दिली. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज, मग पेपर. पूर्ण तपशील त्यानंतर 12 महिन्यांच्या आत. शैक्षणिक संस्थांना 2021 पासून फीमध्ये 80 टक्के सूट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण कुणी सांगू नये. हक्क कॉलेजचा की सरांचा, हेही पहिल्या दिवशीच कागदावर घ्या.

आणि प्राध्यापकाला कंपनीचा एमडी, म्हणजे मुख्य कारभारी, करू नका. आमच्या सरांना व्हायचं होतं. मी म्हणालो, तुम्ही शोध सांभाळा, विकायला दुसरा माणूस आणा. ते म्हणाले, "तुम्हाला टेक्नॉलॉजी कळत नाही." बरं, नाही कळत. बिल कळतं. ग्रँटमध्ये 'उपकरणं' हे खर्चाचं हेड होतं, जॉबवर्कचं म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाचं नव्हतं, म्हणून माझे 38,000 अजून अडकलेत. मदतच करायची तर प्रस्ताव लिहितानाच वर्कशॉपच्या पैशाचं हेड घालायला लावा. गावातला फॅब्रिकेटर उधारीवर किती दिवस शोध लावणार?

हे सगळं लोखंडापुरतं. औषध किंवा रसायन असेल तर गणित वेगळं, तिथे पेटंटच आधी.

बारापैकी सात दांड्या माझ्या रॅकवर आहेत. सर वाचत असतील तर घेऊन जावं, येताना चेकबुक आणावं.