टंचाई, दुष्काळसदृश, दुष्काळ: शब्द बदलला की फाइल बदलते

तुमचा प्रश्न असा की, शिवार तेच, पाऊस तोच, मग बातमीत कधी 'टंचाई', कधी 'दुष्काळसदृश परिस्थिती', तर कधी 'दुष्काळ' का येतं? हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे का?

खेळ म्हणा हवं तर, पण त्यात पैसे लागलेले असतात. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी अमलात 'फॅमिन कोड' आले. त्यांत दुष्काळ जाहीर झाला की कामं काढणं, अन्न पुरवणं ही सरकारची जबाबदारी ठरत होती. म्हणजे शब्द उच्चारला की देणं लागू. महाराष्ट्राने 1963 मध्ये कायदाच करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढला आणि त्या जागी टंचाई या अर्थाचा 'स्कार्सिटी' बसवला. कारण असं दिलं, की प्रशासनाचं पिकांवर सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत पोचते, तेव्हा दुष्काळाला वावच उरलेला नाही. पुढच्या नऊ वर्षांत काय झालं ते गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. खडी फोडणं, कामावर मिळणारं सुकडीचं खाणं, सगळं आठवेल. 'बहात्तरची टंचाई' मात्र कुणाच्याच तोंडी येणार नाही.

दोन्ही शब्दांच्या पोटातलं चित्र वेगळं आहे. 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ, आणि तो 'पडतो'. वीज पडावी तसा. पडणाऱ्या गोष्टीला कर्ता नसतो, त्यामुळे धरणाचं पाणी कुणाला सुटलं, बोअर किती खोल गेले, हे प्रश्न वाक्यात शिरतच नाहीत. आपल्या जुन्या मराठीत 'अस्मानी' आणि 'सुलतानी' अशी चोख फोड होती. बातम्यांनी अस्मानी तेवढी ठेवली. 'टंचाई'चं चित्र बाजारातलं. माल कमी पडला, तर पुरवठा वाढवा. म्हणून टंचाई आराखडा बघितलात तर त्यात विहीर अधिग्रहण, विंधन विहीर, नळयोजनेची दुरुस्ती आणि शेवटी टँकर, ग्रामीण भागात माणशी दिवसाला 20 लिटरच्या हिशेबाने. सगळा पिण्याच्या पाण्याचा विचार. करपलेल्या सोयाबीनला त्यात जागा नाही. पिकाचं नुकसान झालेल्या गावाने 'टंचाई जाहीर करा' असा ठराव केला, तर तो चुकीच्या टेबलावर जातो.

तिसरं रूपक इतकं मुरलंय की ते रूपक आहे हेच जाणवत नाही: आणेवारी, म्हणजे पीक किती आलं ते आण्यांत मोजणं. पीक म्हणजे रुपया. सोळा आणे पिकलं तर भरपूर. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली आणि '50 पैशांच्या आत' ही दुष्काळाची रेघ ठरली. रुपयाची सोय अशी, की कापणी प्रयोगाचा, म्हणजे नमुन्याच्या तुकड्यातलं पीक कापून मोजल्याचा आकडा सगळ्यांना कळतो. गोची अशी, की नाण्याला धार असते: 49 पैशांचं गाव आत, 51 चं बाहेर, जरी दोन्हींचे बांध एकमेकांना लागून असले तरी. शिवाय तुलना होते ती प्रमाण उत्पादनाशी. ते मागच्या वर्षांच्या सरासरीवरून काढलं, की सतत नापिकी असलेल्या भागात मोजपट्टीच आखूड होते आणि तेच हलकं पीक जास्त 'पैशांचं' दिसतं. माझ्या मते या विषयातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट हीच.

केंद्राच्या डिसेंबर 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर पैसेवारीचं वजन घटलं. आता आधी पावसाची तूट आणि खंड, मग पेरणी, उपग्रहावरून पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल व जलसाठे, आणि शेवटी 10 टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. जाहीर करण्याचा घटक तालुका. 2023 मध्ये असे 40 तालुके जाहीर झाले. त्यानंतर 1021 महसूल मंडळांत, म्हणजे तालुक्याहून लहान अशा गावांच्या गटांत, राज्याने 'दुष्काळसदृश' जाहीर केलं. इथे 'सदृश' हे शेपूट महत्त्वाचं. महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी या राज्याच्या सवलती त्यात मिळतात, पण केंद्राच्या संहितेतला दुष्काळ तो नव्हे.

'ओला दुष्काळ'चं उलट आहे. शब्द लोकांचा, ताकदवान, मोर्चात एका दमात सगळं सांगणारा. संहितेत मात्र नाही. 2025 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात पिकं पाण्याखाली गेल्यावर ही मागणी जोरात झाली, तेव्हा सरकारचं उत्तर हेच होतं: असा शब्द नियमांत नाही, दुष्काळाच्या सवलती लागू करू. म्हणून फलकावर 'ओला दुष्काळ' जरूर लिहा, अर्जात नको. अर्जात महसूल मंडळाचं नाव, 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाल्याची तारीख, गट नंबर, पीक, आणि नुकसान 33 टक्के किंवा जास्त असल्याचा पंचनामा. 'शेतकरी उद्ध्वस्त झाला' हे वाक्य पंचनाम्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

बातमी वाचताना मी आधी क्रियापद बघतो. 'जाहीर केला' असेल तर कुणी आणि कोणत्या घटकासाठी, ते पुढच्या ओळीत सापडतं. 'सावट', 'झळा', 'छाया' एवढंच असेल, तर अजून कागद हललेला नाही असं धरून चाला आणि तहसीलमध्ये मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा मागा.